दिव्यातील तेल

हावड्याहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग रायपूर सोडून दुर्गकडे निघाला, की वाटेत भिलाई लागते. लोहमार्गाच्या एका अंगाला पोलादाचा कारखाना आणि त्याची आखीवरेखीव वसाहत. दुसऱ्या अंगाला ग्रेट ईस्टर्न रस्त्याच्या काठाने पसरलेला, दुकानांनी आणि माणसांनी गजबजलेला सुपेला हा भाग. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या ह्या मुलखात मग देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस होताच. त्यात कारखान्याच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांची भर पडली. केरळ, आंध्र, तमिळनाडू, छोटा नागपूर येथून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर आपापली उपासनाही आणली. रविवारी सकाळी ह्या परिसरात एकाच प्रभूची प्रार्थना अनेक भाषांतून चाललेली असते.

ह्या उपासनांत दोन गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या जातात. एक म्हणजे आत्मिक सिद्धता आणि दुसरी म्हणजे ईश्वराच्या आज्ञेचे पालन. शब्द जुनेच आहेत. किंबहुना इतके जुने, की ऐकणाऱ्याच्या मनाला ते स्पर्श न करता निघून जातात. सिद्धता म्हटली, की कोणाला मरणाची भीती आठवते. आज्ञापालन म्हटले, की कोणाला मान खाली घालून उभा असलेला चाकर दिसतो. ख्रिस्ती जीवनात ह्या दोन शब्दांचा अर्थ खरोखर काय आहे, आणि आपल्याच मराठी मुलखातील माणसांनी तो कसा जगून दाखवला, ह्याचा आज थोडा विचार करू.

प्रथम सिद्धता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. लग्नघर आहे, रात्रीची वेळ आहे आणि वराला सामोऱ्या जाण्यासाठी दहा कुमारी दिवे घेऊन निघाल्या आहेत. पाचजणींनी दिव्याबरोबर तेलाचे भांडेही घेतले आहे. उरलेल्या पाचजणींनी नुसताच दिवा घेतला आहे. वराला यावयास उशीर होतो. मध्यरात्री हाक येते, तेव्हा पाचजणींचे दिवे विझू लागलेले असतात. त्या मैत्रिणींकडे तेल मागतात; मैत्रिणी देत नाहीत. तेल विकत आणावयास त्या धावतात, आणि तेवढ्यात वर येऊन जातो, दार बंद होते.

हा दृष्टान्त पुष्कळांनी ऐकलेला असतो, परंतु त्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी, की झोप दहाहीजणींना लागली होती. शहाण्या जाग्या राहिल्या आणि मूर्ख झोपी गेल्या असे येशूने सांगितलेले नाही. माणूस थकतो, पेंगतो, हे त्याने गृहीतच धरले आहे. तेव्हा सिद्धता म्हणजे रात्रंदिवस डोळे ताणून बसणे नव्हे. फरक आहे तो झोप लागण्यापूर्वी जवळ काय साठवले होते, ह्याचा. दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. शहाण्या मुलींनी तेल दिले का नाही? ज्या गुरूने दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा ही शिकवण मान्य केली, त्याच्याच गोष्टीत ही कृपणता कशी? उत्तर असे दिसते, की येथे तेल म्हणजे वाटून देता येणारी वस्तूच नाही. भाकरी वाटता येते, वस्त्र देता येते, पैसाही देता येतो. परंतु वर्षानुवर्षांच्या प्रार्थनेने, प्रामाणिकपणाने आणि लहानसहान आज्ञा पाळण्याने अंतःकरणात जे साठते, ते ऐनवेळी दुसऱ्याच्या पदरात ओतता येत नाही. बापाची तयारी मुलाला पुरत नाही. नवऱ्याची बायकोला पुरत नाही.

भिलाईच्या भट्ट्यांकडे पाहताना ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. लोखंड गाळण्यासाठी कोक लागतो आणि दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या एका विशिष्ट विटेने बांधलेल्या असतात. नवी भट्टी बांधून झाली, की तिच्यात लगेच कोळसा भरीत नाहीत. कित्येक आठवडे तिला मंद आचेने हळूहळू तापवावे लागते. घाई केली तर वीट फुगून तडकते आणि सारे बांधकाम वाया जाते. एकदा तापली, की मग तिला आयुष्यभर गार होऊ द्यावयाचे नसते. मागणी आल्यावर पेटवू, काम नसेल तेव्हा विझवू, हा हिशेब तेथे चालत नाही. आत्मिक सिद्धतेचा प्रकारही काहीसा असाच आहे. ती संकटाच्या दिवशी पेटवावयाची नसते. ती आधीच तापलेली असावी लागते, आणि तिला तापण्यास लागणारा वेळ कोणालाही चुकवता येत नाही.

आता आज्ञापालन. आपल्या मराठी भाषेत ह्या बाबतीत एक मार्मिक खूण आहे. आई म्हणते, "हा मुलगा माझे ऐकत नाही." मुलाचे कान धड असतात, शब्द त्याच्या कानी पडलेले असतात, तरी तो ऐकत नाही, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागत नाही. आपण ऐकणे आणि पाळणे ह्या दोहोंना एकच क्रियापद वापरतो. यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेतही नेमके असेच आहे. त्यांच्या नित्याच्या मुख्य प्रार्थनेचा आरंभ ज्या शब्दाने होतो, त्यात ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. येशूने डोंगरावरील प्रवचनाचा शेवट करताना दोन घरे बांधणाऱ्यांची गोष्ट सांगितली. वचने ऐकून तसे वागणाऱ्याचे घर खडकावर उभे राहते. ऐकून न वागणाऱ्याचे घर वाळूवर असते. पाऊस आणि पूर दोघांच्याही घरावर सारखेच येतात. आज्ञा पाळणाऱ्याला संकटातून सूट मिळते असे आश्वासन त्या गोष्टीत कोठेही नाही.

आज्ञापालन म्हणजे चटकन होकार देणे असेही नव्हे. एका बापाने दोन मुलांना द्राक्षमळ्यात जावयास सांगितले. एकजण नाही म्हणाला, मग पस्तावून गेला. दुसरा होय म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, असा येशूचा प्रश्न आहे. ज्याने प्रथम नकार दिला, त्याच्यासाठीही ह्या गोष्टीत जागा आहे. स्वतः येशूने गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, हे दुःख टळावे अशी विनवणी केली आणि मग पित्याची इच्छा पत्करली. विनवणी आधी, स्वीकार नंतर. तेव्हा ज्याच्या मनात झगडा नाही तो आज्ञाधारक, ही समजूत ख्रिस्ती शास्त्राला धरून नाही.

हे सर्व तत्त्व झाले. परंतु माणसाच्या आयुष्यात हे कसे घडते? ह्याचे एक उदाहरण सुपेल्याच्या शेजारून जाणाऱ्या ह्याच लोहमार्गावर घडले आहे. सुपेल्याच्या पश्चिमेला चाळीसएक किलोमीटरांवर राजनांदगाव आहे. पूर्वी ते एक लहानसे संस्थान होते. नागपूरहून येणारी आगगाडी १८८० च्या सुमारास तेथवर पोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती वाट कलकत्त्याकडे जोडली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एक तिशीतला ब्राह्मण कवी बसला होता. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले, नाशिकला विद्या शिकलेले, संस्कृताचे जाणते आणि वृत्तीने भटके असे हे नारायण वामन टिळक. डब्यातील एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे सुरू झाले. कवितेपासून निघालेले बोलणे धर्मापर्यंत गेले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचे भाकीत केले. हे गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते असे सांगितले जाते.

टिळकांना त्या वेळी हे भाकीत अशक्य वाटले. तरी दिलेल्या शब्दाखातर त्यांनी पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते येऊन पोचले आणि तेथे थांबले. जे प्रश्न त्यांना कित्येक वर्षे छळत होते, त्यांची उत्तरे तेथे त्यांना सापडू लागली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता कोणी म्हणेल, की एका आगगाडीच्या प्रवासाने एक मनुष्य बदलला. पण हे तितके खरे नाही. त्या डब्यात बसण्यापूर्वीच टिळकांच्या मनाची मशागत झालेली होती. सर्व माणसे एका पित्याची लेकरे आहेत, जातिभेद ईश्वरी नव्हे, ह्या निष्कर्षांना ते आपल्या विचाराने आधीच आले होते. त्यांच्या अंगी भक्ती भिनली होती ती मराठी संतांची. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत, हे प्रसिद्धच आहे. त्या सहप्रवाशाने दिले ते केवळ एक पुस्तक. ज्या दिव्यात तेल भरलेले होते, त्याला ठिणगी मिळाली. तेल मात्र देहू-आळंदीच्या वाटेवर, पंढरीच्या वाटेवर, कोकणातल्या आणि नाशिकच्या घरांत साठत आले होते. तशीच पुस्तके त्या काळी शेकडो प्रवाशांच्या हाती पडली असतील. ती उघडून वाचण्याची आणि वाचल्यावर ऐकण्याची सिद्धता प्रत्येकापाशी नव्हती.

येथवर ही गोष्ट सोपी आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो सांगितल्यावाचून आज्ञापालनाविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टिळकांनी जी हाक ऐकली, तिची किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही. ती त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी दिली. आणि तिला कोणी विचारले नव्हते. कर्मठ सोवळ्याओवळ्यात वाढलेली, लौकिक शिक्षण जवळजवळ नसलेली ही बाई एका दिवसात, नवरा जिवंत असून, नवऱ्याला मुकली. पदरी लहान दत्तू. नातलगांच्या आधाराने तिने पंढरपुरात आणि इतरत्र दिवस काढले. तिने ह्या काळाचे जे वर्णन पुढे 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या आत्मचरित्रात केले, ते वाचताना डोळे ओले होतात आणि त्याच पानावर हसूही येते. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. नवऱ्याची बाजू सावरण्यासाठी किंवा त्याला दोष देण्यासाठी तिने ते लिहिलेले नाही. जे घडले ते तिने सांगितले.

ईश्वराची आज्ञा पाळणाऱ्याने आपल्या माणसांना दुःख द्यावे काय? ह्या प्रश्नाला ठोकळेबाज उत्तर नाही. आज्ञा खरी असली, तरी तिच्यामुळे झालेली जखम खोटी ठरत नाही. टिळकांच्या श्रद्धेचा गौरव करताना लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांचा विसर पडू देणे, हे ख्रिस्ती माणसालाच अधिक अशोभनीय होय.

परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीजवळ राहावयास आल्या. पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचे सोवळे वेगळे. टिळकांसारख्या तापट आणि उतावळ्या स्वभावाच्या माणसाने ह्या बाबतीत मात्र पत्नीवर बळजबरी केली नाही. आपल्या दिव्यातले तेल तिच्या दिव्यात ओतता येणार नाही, हे त्यांना कळले असावे. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला. जात देवाने केली की माणसांनी? पशुपक्ष्यांच्या जाती वेगळ्या असल्याचे डोळ्यांना दिसते. माणसामाणसांत तसा भेद दिसत नाही, मग तो देवाने केला असे का मानावे? हा विचार त्यांना कोणी शिकवला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, घरगुती होता आणि म्हणूनच पक्का होता. विचार पटताच त्यांनी तो त्याच क्षणी आचरणात आणला. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. ख्रिस्ती धर्म त्यांनी नंतर स्वीकारला. आधी त्यांनी जे सत्य कळले तेवढे पाळले. मग पुढचे सत्य कळत गेले.

माझ्या मते सिद्धता आणि आज्ञापालन ह्यांचा परस्परसंबंध येथे अगदी उघडा होतो. आपण समजतो, की आधी पूर्ण तयारी व्हावी आणि मग आज्ञा पाळावी. प्रत्यक्षात आज्ञा पाळता पाळताच तयारी होते. जेवढे आज समजले आहे तेवढे आज करावे. ते केल्यावर उद्याची पायरी दिसू लागते. न केलेल्या पायरीच्या पुढची पायरी कोणालाच दिसत नाही. दृष्टान्तातील तेल बाजारात मध्यरात्री मिळत नाही ह्याचा अर्थ हाच. ते थेंबाथेंबाने साठते आणि प्रत्येक थेंब म्हणजे केव्हा तरी पाळलेली एखादी लहान आज्ञा असते: गिळलेला राग, परत केलेला पैसा, मागितलेली क्षमा, आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा थेंबांची बेरीज करून ईश्वराची कृपा विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार नव्हे. ख्रिस्ती शिकवणीनुसार कृपा आधी असते. आज्ञापालन हे तिच्याबद्दलच्या कृतज्ञतेतून येते. लूकच्या शुभवर्तमानात धन्याची वाट पाहणाऱ्या चाकरांचा एक दृष्टान्त आहे. कंबर कसून, दिवे लावून ते जागे आहेत. धनी रात्री उशिरा घरी येतो, आणि मग काय होते? चाकरांनी धन्याला वाढावे ही जगाची रीत. येथे धनी स्वतः कंबर बांधतो, चाकरांना पंगतीला बसवतो आणि त्यांना वाढतो. ज्याची वाट पाहावयाची तो असा आहे, हे एकदा लक्षात आले, की वाट पाहण्यातील भीती निघून जाते. मग ती सासुरवाशिणीने माहेरच्या मुऱ्हाळ्याची पाहावी तशी वाट होते.

मत्तयाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायाची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभी दहा कुमारींचा दृष्टान्त. मध्ये धन्याने सोपवलेल्या द्रव्याचा. आणि शेवटी न्यायाच्या दिवसाचे चित्र. त्या न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो? भुकेल्याला अन्न दिले होते काय, तहानेल्याला पाणी दिले होते काय, उघड्याला वस्त्र दिले होते काय, बंदिवानाला भेटावयास गेला होता काय. ज्यांनी हे केले, त्यांना आपण राजाचीच सेवा केली हे ठाऊकही नव्हते. म्हणजे सिद्धतेचा विचार दिव्यापासून निघून भुकेल्याच्या ताटापर्यंत येऊन थांबतो. आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्याला येथे बक्षीस नाही.

हा धडा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात लख्ख उमटलेला आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तरी आपण त्या वेळी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला नंतर काही वर्षांनी भेटला, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. धर्मांतराने सिद्धता पूर्ण होत नाही, ह्याची याहून प्रांजळ कबुली क्वचितच आढळेल. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्याची झळ ज्या मध्य प्रांताला विशेष लागली, त्यात तेव्हा छत्तीसगडचा हा मुलूखही मोडत असे. रमाबाईंनी लहानपणी दुष्काळातच आईबाप गमावले होते. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती, पोटात भोगलेली होती. हाताशी पैसा अपुरा, पुण्याच्या शारदा सदनात जागा अपुरी. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवा शेकड्यांनी बरोबर घेऊन आल्या. केडगावच्या उघड्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले ते त्यातून. अनाथ मुलीच्या भुकेची हाक ऐकताच त्यांना ती ईश्वराची आज्ञा म्हणून ओळखता आली, कारण स्वतःच्या दुःखाने त्यांचा कान तयार केलेला होता. आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्यांनी सोडले नाही.

आता शेवटचा आणि नाजूक प्रश्न. ईश्वराची आज्ञा म्हणून आपण जी मानतो ती खरोखर त्याचीच, हे कशावरून? मनुष्याचा अहंकारही ईश्वराच्या आवाजाची नक्कल करू शकतो. धर्मसंस्थेतील अधिकारी आपल्या हुकमाला देवाचा हुकूम म्हणू शकतात. इतिहासात असे पुष्कळ वेळा घडले आहे आणि आजही घडू शकते. ख्रिस्ती परंपरेने ह्यासाठी काही कसोट्या सांगितल्या आहेत. शास्त्रवचनाशी ती आज्ञा जुळते काय? तिचे फळ प्रेम, शांती, सौम्यता हे आहे काय? मंडळीतील अनुभवी माणसांपुढे ती उघडपणे मांडता येते काय? ह्यांत मी आणखी एक जोडीन. ज्या आज्ञेमुळे दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते, दुसऱ्याला त्याच्या वेळी, त्याच्या पायांनी येण्याची मुभा उरत नाही, तिच्याविषयी शंका घ्यावी. ईश्वर दारावर थाप मारतो. दार मोडून आत येत नाही. टिळकांनी बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नीला जे दुःख दिले, त्याचे काही अंशी परिमार्जन त्यांनी पुढे तिच्या विचाराला जी मोकळीक दिली तिने झाले, असे मला वाटते.

ईश्वराची आज्ञा पाळणारा माणसांचा गुलाम होत नाही, ह्याचेही प्रत्यंतर टिळकांनी दिले. मिशनची चाकरी त्यांनी वीसेक वर्षे केली, परंतु परदेशी साच्यातील ख्रिस्ती धर्म भारताला परका राहील हे त्यांचे दुःख वाढत गेले. भजन, कीर्तन, अभंग ह्यांच्या द्वारे त्यांनी ख्रिस्तभक्तीला मराठी रूप दिले. १९१७ साली, वार्धक्याच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अर्धवट राहिले होते. आरंभीचे थोडे अध्याय झाले होते. ते पुढे नेण्याचे काम कोणी अंगावर घ्यावे? ज्या बाईला लिहावावाचावयास त्यांनीच शिकवले, जिने त्यांच्या धर्मांतराच्या बातमीने जमिनीवर अंग टाकले होते, त्या लक्ष्मीबाईंनी. बहुतेक सारे अध्याय त्यांनी लिहिले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते लेखन पतीच्या आज्ञेचे पालन नव्हते. त्यांच्या दिव्यात आता त्यांचे स्वतःचे तेल होते.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या वर्षात ह्या सिद्धतेसाठी राखून ठेवलेले काळ आहेत. नाताळापूर्वीचे चार रविवार हे आगमनकाळाचे. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचे चाळीस दिवस उपवासाचे आणि आत्मपरीक्षणाचे. प्रभुभोजनाला जाण्यापूर्वी आपल्या मनात कोणाविषयी आकस आहे काय हे पाहावे, असल्यास आधी जाऊन समेट करावा, मग वेदीशी यावे, ही शिकवण तर येशूची स्वतःचीच. हे सर्व नेम म्हणजे भट्टी गार होऊ नये म्हणून केलेली तजवीज आहे. नेम पाळले म्हणून कोणी संत होत नाही. पण नेमाशिवाय आच टिकत नाही, हा अनुभव वारकऱ्यालाही आहे आणि ख्रिस्ती माणसालाही.

रात्री सुपेल्याच्या बाजूने पाहिले, की कारखान्यावरचे आकाश मधूनच तांबूस होते. रात्रपाळीचे लोक कामावर असतात, दिवसपाळीचे झोपलेले असतात. भट्टी मात्र जागी असते, कारण कोणी ना कोणी तिची आच सांभाळीत असतो. मधून एखादी गाडी राजनांदगावच्या दिशेने निघून जाते. तिच्या डब्यात कोण कोणाशी काय बोलत असेल आणि त्यातून पुढे काय निघेल, हे आपल्याला कळावयाचे नाही. हाक केव्हा येईल हे ठरवणे आपल्या हाती नाही. दिव्यात तेल आहे किंवा नाही, हे मात्र निजण्यापूर्वी ज्याचे त्याला पाहता येते.